पाचव्या कडव्याची जागा

मी एक जुनी तबकडी आहे. काळी कुळकुळीत, वितीहून जराशी लहान, मधोमध मोठं भोक असलेली. माझ्या पोटावर लाल कागद चिकटवला आहे आणि त्यावर 'इसोमाएचं गाणं' असं सोनेरी अक्षरांत छापलं आहे. सोनं केव्हाच उडालं, नाव तेवढं राहिलं.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, तबकड्या काय, पैशाला पासरी होत्या. असतील. पण इसोमाए हे गाव जगात एकच आहे आणि त्याचं गाणं पोटात घेऊन मी जन्माला आले. थोडी ऐट करते, ती चालवून घ्या.

माझ्या जन्माला शेजारच्या गावाचा खेकडा कारण झाला. त्या गावानं आपल्या खेकड्यांवर गाणं रचून घेतलं, ओसाकाहून त्याची तबकडी करून आणली आणि कर्णा मुद्दाम आमच्या दिशेला तोंड करून लावला. वारा असला की ते गाणं खाडी ओलांडून थेट आमच्या बंदरात यायचं. आमचे कोळी जाळी दुरुस्त करता करता तेच गुणगुणायला लागले, तेव्हा मात्र गावप्रमुखांचं पित्त खवळलं. आपलंही गाणं झालंच पाहिजे आणि ते त्यांच्यापेक्षा लांब असलं पाहिजे, असा ठराव झाला.

शाळेचे मुख्याध्यापक गाणं रचायला बसले. आमच्या गावाला वाड्या पाच, म्हणून कडवीही पाच. बंदरवाडीचे माकुल मासे, शेतवाडीचा तांदूळ, कौलवाडीची तांबडी कौलं, झरेवाडीचं गरम पाणी, आणि शेवटी डोंगरावरचा ओकुसावा. ओकुसावाला ना समुद्र, ना शेत. तिथले लोक ओकाची झाडं तोडून कोळसा पाडत आणि तो पाठीवर लादून खाली आणत. त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांनी असं लिहिलं:

माकुल भाजता, कौलं भाजता,
भात शिजवता छान,
विस्तव कुणाचा, सांगा पाहू?
ओकुसावाचं रान!

हे कडवं ऐकून डोंगरावरच्या लोकांची छाती फुगली. बाकीच्या वाड्यांची फुशारकी पहिल्या चार कडव्यांत होती आणि त्या सगळ्या फुशारकीच्या बुडाशी आपला कोळसा आहे, हे कुणीतरी एकदाचं बोललं होतं. ओकुसावात म्हणे ते कडवं भट्टीपाशी, ओढ्यावर, मोरीत, सगळीकडे चालू असायचं.

मग गाव ओसाकाला निघालं. म्हणजे गावप्रमुख, मुख्याध्यापक, प्रत्येक वाडीचा एकेक माणूस, आणि इवाओ. इवाओ बंदरवाडीचा, बावीस वर्षांचा. त्याच्या वडिलांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं, म्हणून यंत्रातलं त्याला कळतं असं सगळ्यांनी धरून चाललं आणि वेळ मोजायचं घड्याळ त्याच्या हातात दिलं. ओकुसावाचा माणूस मात्र आला नाही. त्या आठवड्यात त्यांची भट्टी लागलेली होती. धूर पांढऱ्याचा निळा व्हायला लागला की भट्टीचं तोंड सोडून कुणाला हलता येत नाही. हलला की सगळ्याची राख. त्यांनी निरोप पाठवला, "तुम्ही सगळे आहातच की."

गायिका आमच्याच किनाऱ्यावरची लेक होती. माहेरचं गाणं म्हणून तिनं ते जीव ओतून म्हटलं, आणि जीव ओतला की वेळ लागतोच. तबकडीच्या एका बाजूला चार मिनिटं मावतात, असं तिथल्या माणसानं बजावलं होतं. चार कडव्यांतच चार मिनिटं संपली. दुसऱ्या बाजूवर गावप्रमुखांनी आधीच हक्क सांगून ठेवला होता. तिथे त्यांना त्यांनीच बांधलेल्या नव्या पुलाचं गाणं हवं होतं. ते गाणं आजपर्यंत एकदाही कुणी वाजवलेलं नाही. पूल मात्र चांगला आहे.

"एक कडवं कमी करावं लागेल," तो माणूस म्हणाला.

सगळ्यांनी इवाओकडे पाहिलं, कारण घड्याळ त्याच्या हातात होतं.

"शेवटचं गाळू या," इवाओ म्हणाला.

कुणी हरकत घेतली नाही. हरकत घेणारा माणूस डोंगरावर भट्टीपाशी बसला होता. अशी मी जन्मले, मित्रांनो. देखणी, चकचकीत आणि एका कडव्यानं कमी. आणि गंमत बघा, गावी परतल्यावर हे ओकुसावाला सांगायचं कुणी, यावर सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. शेवटी कुणीच सांगितलं नाही.

त्या वर्षीचा ओबोन मी कधी विसरणार नाही. ओबोनला पूर्वज घरी येतात, आणि त्यांच्यासाठी देवळाच्या अंगणात लाकडी मचाणाभोवती फेर धरून सगळा गाव नाचतो. कंदील लागले होते. मचाणावर ढोल होता, ढोलाशेजारी मी, आणि माझ्याशेजारी इवाओ. माझ्या चार मिनिटांनी गावाला नुसतं वेड लागलं. पहिल्या कडव्याला बंदरवाडी ओरडली, दुसऱ्याला शेतवाडी. कौलवाडीच्या एका आजोबांनी तर तिसऱ्या कडव्याला फेर सोडून देवळाच्या छपराकडे हात केला, कौलं त्यांची होती ना. फेराच्या कडेला ओकुसावाची साठएक माणसं होती. नवे सुती युकाता घालून, चार तास डोंगर उतरून आलेली. आपली पाळी शेवटी आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ती शांतपणे नाचत होती.

चौथं कडवं संपलं. सुई माझ्या शेवटच्या रिकाम्या रेघेवर आली आणि कर्ण्यातून नुसती खरखर येऊ लागली.

इवाओनं सुई उचलायला हवी होती. त्यानं उचलली नाही. गावकरी पुढे कितीतरी वर्षं सांगायचे, केवढा समजूतदार पोरगा, डोंगरवाल्यांसाठी त्यानं जागा सोडली. मी त्याच्याशेजारी होते, म्हणून मला खरं ठाऊक आहे. साठ माणसं आपल्याकडे वाट बघत उभी आहेत हे पाहून त्याचे हात गारठले होते. ढोलवाल्याला काय करावं कळेना, म्हणून तो आपला वाजवत राहिला. खरखर, ढोल, खरखर, ढोल.

मग त्या साठांतून एक मुलगी फेराच्या आत आली. तिचं नाव हात्सुए, वय एकोणीस, नखांत कोळसा. तिनं कुणाला काही विचारलं नाही. मान वर केली आणि म्हणायला लागली, 'माकुल भाजता, कौलं भाजता'. दुसऱ्या ओळीला तिची सगळी वाडी तिच्या मागोमाग म्हणू लागली. कर्णा नाही, गायिका नाही, नुसते गळे. कडवं संपलं. मग कौलवाडीच्या त्याच आजोबांनी टाळी वाजवली.

त्या दिवसापासून ती रीतच पडली. माझं चौथं कडवं संपलं की सुई उचलायची नाही, ढोल थांबवायचा नाही, पाय थांबवायचे नाहीत आणि ओकुसावाशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. पाचवं कडवं त्यांचं. बंदरावरच्या पोरांनी खेळता खेळता ते म्हटलं तर आया त्यांना दटावत, "ते आपलं नाही, ठेव तिथंच."

पुढची तेहतीस वर्षं मी गाजवली, असं म्हटलं तर ती बढाई नाही. शाळेच्या खेळांना मी, नवी बोट पाण्यात सोडताना मी, लग्नातही मी. कामासाठी ओसाकाला गेलेली माणसं ओबोनला घरी आली की माझी पहिली ओळ ऐकताच डोळे पुसत आणि आपण घाम पुसतोय असं सांगत. एवढं कौतुक होऊनही खरं सांगते, माझी सगळ्यांत आवडती घटका मी गप्प व्हायची तीच होती. माझी खरखर वर्षागणिक वाढत गेली आणि त्या खरखरीत ओकुसावाचे आवाज घुमत. साठाचे चाळीस झाले, चाळिसांचे पंचवीस, कारण घरोघरी गॅस आला होता आणि कोळशाला कोण विचारतो. पण पंचविसांचा आवाज साठांएवढाच यायचा. हात्सुए सगळ्यांच्या पुढे.

ओबोनच्या दिवशी ती सकाळीच यायची. माकुल भाजायच्या शेगड्यांसाठी ओकुसावाकडून कोळसा यायचा, ती पोती पोचवायची. मग मचाणाखाली उभी राहून इवाओला आदराचं 'सान' लावून हाक मारायची.

"इवाओसान, घड्याळ आणलंय का?"

"नाही आणलं."

"आणायचं की. आमचं कडवं लांबलं तर?"

"हात्सुएसान, इतकी वर्षं झाली. आता तरी सोड."

"सोडते. पुढच्या वर्षी."

इवाओ हसायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे. ते कडवं कुणी गाळलं हे गावात कुणी कधी उघड बोललं नव्हतं. हात्सुएला ते कुणी सांगितलं की ती नुसतीच टोचत होती, हे त्याला कळत नव्हतं आणि विचारायची छाती होत नव्हती.

मग माझ्या नशिबात चांदीची चकती आली. गावकचेरीतला मोरिवाकी नावाचा तरुण कारकून, अतिशय सज्जन माणूस, मला ओसाकाला घेऊन गेला. तिथे माझं गाणं नव्या सीडीवर उतरवलं. खरखर काढून टाकली. सुरुवातीची रिकामी रेघ काढली, शेवटची रिकामी रेघ काढली. मोरिवाकीनं यंत्राचं एक बटण दाबलं की गाणं संपल्या संपल्या आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायचं. मचाणावर कुणी बसायला नको. मोरिवाकी इतका खूश होता की त्यानं इवाओला सांगितलं, "काका, यंदा तुम्हीही खाली उतरून नाचा." मला त्यानं कागदात गुंडाळून इवाओच्या हातात दिलं आणि वाकून आभार मानले.

इवाओनं मला छातीशी धरलं होतं, म्हणून त्या संध्याकाळी मी तिथे होते. गायिकेचा आवाज नव्या कर्ण्यातून इतका स्वच्छ आला की मलाच माझा हेवा वाटला. चौथं कडवं संपलं. ओकुसावाच्या माणसांनी श्वास घेतला, तोंडं उघडली, आणि पहिलं कडवं धाडकन सुरू झालं.

त्यांनी तोंडं मिटली. तक्रार नाही, आवाज नाही. मानी माणसं ती. सगळा कार्यक्रम संपेपर्यंत ती फेरात नाचली, देवळाला वाकून नमस्कार केला आणि डोंगर चढून गेली. पुढच्या वर्षी ओबोनच्या सकाळी देवळाच्या पायरीशी कोळशाची पोती होती. नीट बांधलेली, नेहमीइतकीच. ओकुसावाचं माणूस मात्र एकही आलं नव्हतं.

त्या वर्षी बंदरवाडीनं माकुल भाजले आणि ते कुणाच्या घशाखाली नीट उतरले नाहीत. फेर झाला, पण चौथ्या कडव्यानंतर सगळ्यांचे पाय अडखळत होते. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. मला तर रडू आलं असतं, पण तबकडीला ती सोय नाही. मित्रांनो, गाणी छापलेली असतात तोवर त्यांचं काही बिघडत नाही. पाचवं कडवं कुठेच छापलेलं नव्हतं. ते म्हणायचं ते डोंगरावरच्या वीस-बावीस गळ्यांनीच, आणि ते गळे आता खाली येणार नव्हते.

ओबोन संपल्यावर चौथ्या दिवशी इवाओ मोरिवाकीला घेऊन डोंगर चढला. मला काखेत मारून. हात्सुए भट्टीपाशी होती. धुराकडे बघत बसली होती.

मोरिवाकीनं वाकून माफी मागितली आणि आपला बेत सांगितला. "पाचवं कडवंही आपण सीडीवर घेऊ. तुम्ही सगळे ओसाकाला चला, गावकचेरी गाडी करील. मग ते कायमचं राहील. कुणी आलं नाही तरी वाजेल."

"नको," हात्सुए म्हणाली.

"का हो मावशी?"

"कुणी आलं नाही तरी वाजेल, हे तुम्हीच म्हणालात ना? मग आम्ही खाली कशाला यायचं? तुमचे माकुल बघायला?" तिनं भट्टीच्या तोंडाला ओल्या मातीचा एक गोळा थापला. "आम्ही कोळसा आमच्या पाठीवर आणतो. कडवंही आमचं आम्ही आणू. तुम्ही फक्त ठेवायला जागा द्या. एवढीशी."

मोरिवाकीला कळेना. मग इवाओनं मला कागदातून काढलं आणि माझ्या लाल कागदाजवळची ती शेवटची रिकामी रेघ बोटानं दाखवली. "ही जागा," तो म्हणाला. मग तो हात्सुएकडे वळला. "पहिल्या वर्षी मी ती मुद्दाम सोडली नव्हती. मी घाबरलो होतो. आणि ओसाकाला 'शेवटचं गाळू या' म्हणालो तो मीच."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. तुझं तोंड पांढरंफटक पडलं होतं. चोर आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं." तिनं हात पुसले. "पण घाबरलास म्हणून सुई उचलली नाहीस. शहाणा असतास तर उचलली असतीस. बस, चहा पिऊन जा."

मोरिवाकीनं नवी चकती करायला टाकली. चौथ्या कडव्यानंतर एक मिनिट फक्त ढोल, दुसरं काही नाही. ओसाकाहून त्याला फोन आला, तुमच्या गाण्यात दोष आहे, एका ठिकाणी आवाज गेलाय, काढून टाकू का? मोरिवाकी म्हणाला, "तो दोष नाही, तो ओकुसावा आहे. हात लावू नका." हे त्यानं इवाओच्या दुकानात येऊन स्वतः सांगितलं, तेव्हा मी फळीवर उभी होते. त्या दिवसापासून त्या चांदीच्या चकतीवरचा माझा राग गेला. शेवटी पोरगी माझीच.

त्यानंतर ओकुसावाची माणसं पुन्हा येऊ लागली. वीस, मग बारा, मग पाच. म्हातारे गेले, तरुण कामासाठी खाली राहायला आले आणि स्वतःला ओकुसावाचं म्हणवून घ्यायला लाजून इतरांच्यात मिसळले. डोंगरावरची घरं बंद झाली. शेवटची भट्टी हात्सुएनं स्वतः विझवली.

गेल्या वर्षी ती एकटी आली. ऐंशीच्या घरातली, काठी टेकत. इवाओ आता मचाणाखाली खुर्चीत बसतो आणि सवय म्हणून मला मांडीवर घेतो. मोरिवाकीचेही केस पिकले आहेत. चौथं कडवं संपलं. चारशे माणसांनी रीतीप्रमाणे तोंडं मिटली आणि पाय चालू ठेवले. हात्सुए फेराच्या आत आली, मान वर केली. पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हटली. तिसऱ्या ओळीला तिचा श्वास संपला.

ढोल वाजत होता. ती गुडघ्यावर हात ठेवून उभी होती. ते कडवं त्या अंगणात प्रत्येकाला पाठ होतं, अगदी दटावलेल्या पोरांना आणि त्या पोरांच्या पोरांनाही. पण ओठ कुणी हलवला नाही. ते त्यांचं नव्हतं.

हात्सुएनं मान वळवून सगळ्यांकडे पाहिलं.

"बघताय काय?" ती म्हणाली. "एवढी वर्षं ऐकलंत ना? म्हणा आता."

पहिला आवाज माझ्या डोक्यावरून आला. फाटका, बेसूर, ऐंशी उलटलेला. इवाओ म्हणत होता, 'विस्तव कुणाचा, सांगा पाहू?' चारशे माणसांनी उत्तर दिलं. मग कुणाला राहवेना, त्यांनी ते कडवं पुन्हा पहिल्यापासून घेतलं आणि उत्साहाच्या भरात पळत सुटले.

"सावकाश," हात्सुए म्हणाली. "चढण आहे ती आमची. धावत चढत नाहीत."

सगळे सावकाश म्हणू लागले. एवढ्यात मिनिट संपलं आणि कर्ण्यातून पहिलं कडवं सुरू झालं. मोरिवाकीनं धावत जाऊन यंत्र बंद केलं. बंदरवाडीचे कोळी, कौलवाडीचे लोक, झरेवाडीच्या बायका, सगळे ओकुसावाचं कडवं म्हणत होते आणि हात्सुए काठीनं ताल धरून त्यांच्या चुका काढत होती. माझा ऊर भरून आला, मित्रांनो. मी गावाचं गाणं म्हणून जन्मले, पण गावाचं गाणं पुरतं झालेलं मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं.

आता माझं मागणं ऐका. माझ्यासारख्या तबकड्या तुमच्या घरात असतील तर त्या उभ्या ठेवा, उन्हापासून जपा, वर्षातून एकदा मऊ फडक्यानं पुसा. आणि तुमच्याही गावाच्या गाण्यात कुणाचं तरी कडवं राहून गेलं असेल. ते शोधा, त्याला जागा सोडा. ते तुम्हाला पाठ असलं तरी आपलं समजून म्हणू नका, ज्यांचं आहे त्यांची वाट बघा. पण त्यांनी एकदा 'म्हणा' म्हटलं, की मग सूर लागो न लागो, गप्प बसू नका.